शिधापत्रिकेवरचे गाव

इसवी सन १५५२ मध्ये उस्मानी सुलतान सुलेमान याची पत्नी हुर्रेम, जिला जेरुसलेमचे लोक आजही खासकी सुलतान या बिरुदाने ओळखतात, हिने त्या नगरीत एक अन्नछत्र उघडले आणि त्याचा खर्च अखंड चालावा म्हणून जेरुसलेम, रामले आदी परिसरातील अनेक गावांचा महसूल वक्फनाम्याने त्यास लावून दिला. रोज दोन वेळा शेकडो गरिबांस कालवण व भाकर मिळावी, शुक्रवारच्या रात्री केशरी गोड भात असावा, मुदपाकखान्यात किती चाकर असावेत आणि त्यांचे वेतन काय असावे, हे सारे त्या दस्तऐवजात नमूद आहे. देवस्थानांच्या सदावर्तांना लावून दिलेल्या इनाम गावांची दफ्तरे ज्यांनी चाळली असतील त्या मराठी वाचकांना त्याची भाषा ओळखीची वाटेल. उस्मानी अंमल गेला, इंग्रजांचा आला आणि गेला, जॉर्डनचा आला आणि गेला, १९६७ पासून शहरावर इस्रायलचा ताबा आहे. वक्फाची बहुतेक गावे केव्हाच हातची गेली. तरी ते छत्र आज सुमारे पावणेपाच शतकांनंतरही रमजानात अन्न वाटते. दक्षिणेला हेब्रॉन शहरात इब्राहिमाच्या नावाने चालणारे असेच एक जुने छत्र आहे, आणि आपल्या गावात कोणी उपाशी झोपत नाही असे तेथील लोक अभिमानाने सांगतात.

पॅलेस्टिनी समाजासाठी झटणाऱ्या धर्मादाय व लोकहितकारी संस्थांचा परिचय करून देताना मी इतक्या मागे जातो याला कारण आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत या समाजाचे जे चित्र जगापुढे आले, ते बहुधा हात पसरलेल्या माणसाचे आले: तंबू, पिठाची पोती, मालमोटारींच्या रांगा, आणि त्यांच्याभोवती परदेशी स्वयंसेवकांची धावपळ. या चित्रात खोटे काही नाही. परंतु ज्यांना आपण केवळ घेणारे म्हणून पाहतो ते शतकानुशतके देणारे होते, दान कसे नोंदावे, कसे वाटावे आणि त्याचा हिशेब कोणी तपासावा याचे शास्त्र त्यांच्यापाशी परंपरेने होते, हे त्या चित्रात दिसत नाही. ते न दिसल्यामुळे पुढच्या साऱ्या इतिहासाचा अर्थ चुकतो. कारण १९४८ नंतर या लोकांना राज्य उरले नाही, आणि एरवी राज्य जे करते ते सारे, म्हणजे जन्माची नोंद ठेवणे, शाळा भरवणे, दवाखाना चालवणे, पोरक्यांचे पालकत्व घेणे, जुन्या वास्तूंची यादी करणे, मृतांची गणती करणे, हे या संस्थांच्या अंगावर पडले. अन्य देशांत अशी संस्था सरकारच्या पदरी राहून त्याच्या कामातील उणीव भरून काढते. येथे ज्याच्या कामातील उणीव ती भरून काढील असे सरकारच नव्हते. या एका गोष्टीचा विसर पडू न देता पुढील प्रकरणे वाचावीत, एवढीच माझी वाचकांस विनंती आहे.

१९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक आपल्या घरांतून निघाले किंवा काढले गेले. त्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ, स्वीडनच्या रेडक्रॉसचे काउंट फोल्के बर्नाडोट, यांनी पहिली मदतयोजना आखली. सप्टेंबरात जेरुसलेममध्ये त्यांची हत्या झाली. हिवाळा तोंडावर होता. तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी तीन संस्थांकडे कामाची वाटणी केली: लेबनॉन, सीरिया आणि ट्रान्सजॉर्डन येथील निर्वासितांचा भार रेडक्रॉस संस्थांच्या महासंघाकडे, उर्वरित पॅलेस्टाइनचा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे, आणि गाझाचा अमेरिकेतील क्वेकर पंथीयांच्या सेवासमितीकडे. क्वेकरांच्या सेवाकार्याला आदल्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या गाझाच्या चिंचोळ्या पट्टीत दोन लाखांहून अधिक निर्वासित येऊन पडले होते. या मूठभर पापभीरू माणसांनी तेथे तंबू ठोकले, पीठ वाटले, शाळा उघडल्या, आणि ज्या गावचे लोक त्या गावच्या मुखत्याराकडून, म्हणजे गावप्रमुखाकडून, याद्या करून घेतल्या. हेच लोक त्याच काळी इस्रायलच्या हद्दीतील अक्का शहरातही काम करीत होते, कारण दुःखिताची जात व पक्ष पाहायचा नाही ही त्यांची कामाला येतानाचीच अट होती.

त्यांच्या त्या दीड वर्षाच्या वृत्तान्तातील जो भाग मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो, तो त्यांच्या येण्याचा नसून जाण्याचा आहे. १९४९ च्या अखेरीस त्यांनी संयुक्त राष्ट्रांना स्पष्ट कळवले की, राजकीय तडजोड दृष्टिपथात नसताना नुसता शिधा वाटत राहिल्याने या लोकांचे मनोधैर्य खचत आहे, आणि दुःख सोसवेल इतके शमत राहिल्याने ती तडजोड लांबणीवर पडण्याचाही संभव आहे. १९५० च्या एप्रिलात ते गाझातून परतले. आपल्या सेवेने अन्यायाची मुदत वाढते की काय, हा प्रश्न एखाद्या सेवाभावी संस्थेने स्वतःस इतक्या निर्भीडपणे विचारल्याची उदाहरणे फार नाहीत. त्यांचे निघून जाणे योग्य होते की नव्हते, याविषयी मतभेद संभवतो. उपाशी मुलापुढे हा तर्क उभा राहात नाही असे माझे स्वतःचे मत आहे. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. तो त्या भूमीतील प्रत्येक मदतकेंद्राच्या दाराशी तेव्हापासून बसून आहे.

त्यांची जागा घेण्यासाठी जी यंत्रणा निर्माण झाली तिला आपण इंग्रजी आद्याक्षरांवरून उनर्वा म्हणतो. छावणीतील माणसे तिला नुसते ‘वकाला’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ८ डिसेंबर १९४९ च्या ठरावाने ती स्थापिली आणि १ मे १९५० रोजी तिने काम सुरू केले. ती तात्पुरती होती, आणि दर काही वर्षांनी मुदतवाढ घेत आजही तात्पुरतीच आहे. तिची काटेकोर अर्थाने धर्मादाय संस्थांत गणना करता येणार नाही. तथापि तिचा जवळजवळ सारा खर्च राष्ट्रांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालतो, आणि दाते हात आखडता घेतात तेव्हा तिच्या शिक्षकांचे पगार थकतात, या दृष्टीने तिची प्रकृती धर्मादायाचीच आहे. जून १९४६ ते मे १९४८ या काळात ज्याचा नित्य निवास पॅलेस्टाइनमध्ये होता आणि युद्धामुळे ज्याचे घर व उपजीविका दोन्ही गेली, तो निर्वासित, अशी तिने व्याख्या केली. सुरुवातीला साडेसात लाखांच्या आसपास असलेली ही नोंद वंशजांसह आज सुमारे ५९ लाखांवर आहे. जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा आणि गाझा या पाच क्षेत्रांत तिच्या मान्यताप्राप्त ५८ छावण्या आहेत.

पहिल्या दशकात रस्ते बांधणे, वसाहती वसवणे असल्या योजनांतून निर्वासितांना जेथल्या तेथे रुजवावे असा दात्यांचा मानस होता. निर्वासितांनी त्यास थंड प्रतिसाद दिला, कारण तो स्वीकारणे म्हणजे परतण्याचा हक्क सोडणे होय असे त्यांना वाटत होते. मग त्यांनी मागितले काय? त्यांनी शाळा मागितल्या. जमीन गेली, बागा गेल्या, तेव्हा मुलाच्या डोक्यात जे भरता येईल तेवढेच कोणी जप्त करू शकणार नाही, हा हिशेब निरक्षर आयांनीही मांडला होता. आणि हळूहळू या यंत्रणेच्या अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग शिक्षणाकडे वळला. रामल्ला येथे साठच्या दशकाच्या आरंभी मुलींसाठी अध्यापिका-प्रशिक्षण केंद्र निघाले. मुलींची पटसंख्या मुलांच्या जवळपास आली ती अरब जगातील कित्येक सार्वभौम राज्यांच्या आधी. दमास्कसच्या छावणीशाळेत शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांत घस्सान कनफानी होते, जे पुढे अरबी कथा-कादंबरीत अग्रगण्य ठरले. या यंत्रणेच्या सुमारे तीस हजार नोकरांपैकी बहुतेक सारे स्वतः निर्वासित आहेत. म्हणजे देणारा आणि घेणारा एकाच गल्लीत राहतात, आणि ‘परदेशी मदत’ म्हणून आपण जी समजतो ती प्रत्यक्षात शेजारच्या शिक्षिकेच्या हातून घडते.

या यंत्रणेने केलेली आणखी एक गोष्ट तिच्या उद्दिष्टांत लिहिलेली नव्हती. कुटुंबाच्या नोंदणीत मूळ गावाचे नाव लिहावे लागे. ते गाव नकाशावरून पुसले गेले असो, त्याच्या जागी पाइनचे रान लावलेले असो, कारकुनाच्या वहीत ते राहिले. आणि शिधा घेण्यापुरते जपलेले ते कागद पुढे एका विखुरलेल्या समाजाचे वंशवृक्ष झाले. १९८२ मध्ये सरसकट शिधावाटप थांबले, तरी लोकांनी ते कागद टाकले नाहीत. या यंत्रणेच्या छायाचित्रांचा व चित्रफितींचा संग्रह युनेस्कोने २००९ मध्ये जागतिक स्मृतींच्या सूचीत घेतला. दफ्तर हे दयेपेक्षा कमी उदात्त वाटते. मला मात्र पॅलेस्टिनी मदतकार्याच्या इतिहासात दफ्तर ठेवणाऱ्यांचा वाटा फार मोठा वाटतो.

आता ज्या संस्था त्या मातीतून उगवल्या त्यांकडे वळतो. १९४८ च्या एप्रिलमध्ये, दैर यासीन गावातील कत्तलीनंतर, जेरुसलेमच्या जुन्या शहरात पवित्र कबरीच्या चर्चजवळ हिंद अल-हुसेनी या बत्तीस वर्षांच्या शिक्षिकेला ५५ मुले रस्त्यावर उघडी बसलेली आढळली. हुसेनी हे जेरुसलेममधील नामांकित घराणे. बाईंना आजोबांचा प्रशस्त वाडा होता. ही मुले मेली तर आपला समाजच नामशेष होईल, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्या वाड्यात त्यांनी मुलांना आणले. दार अल-तिफ्ल अल-अरबी, म्हणजे अरब बालकाचे घर, ही त्यांची संस्था पुढे अनाथाश्रमापुरती राहिली नाही. तेथे बालवाडीपासून शाळा झाली, मुलींसाठी महाविद्यालय झाले, लोकजीवनाच्या वस्तूंचे संग्रहालय झाले. बाईंनी लग्न केले नाही आणि १९९४ मध्ये निवर्तेपर्यंत त्या त्याच कामात राहिल्या. त्या काळी असहाय बालकांसाठी परदेशातून मदत येत होती. परंतु पोरक्या मुलीला भरतकामाइतकेच इतिहासाचे शिक्षण मिळाले पाहिजे, ती दयेची वस्तू होता कामा नये, हा आग्रह त्या वाड्यातून निघाला.

दुसरे नाव समिहा खलील यांचे. तुळकर्मजवळच्या अनब्ता गावच्या या बाई, लोक त्यांना उम्म खलील म्हणत. संसार, मुले, निर्वासनाची वणवण यांत शिक्षण राहून गेले ते त्यांनी चाळिशीत, मुलाच्या बरोबरीने शालान्त परीक्षा देऊन पुरे केले, आणि १९६५ मध्ये रामल्लाला लागून असलेल्या अल-बिरेह येथे इनआश अल-उस्रा, म्हणजे कुटुंबाचे पुनरुज्जीवन, ही संस्था काढली. दोनच वर्षांनी युद्ध झाले आणि पश्चिम किनारा इस्रायली लष्कराच्या ताब्यात गेला. कैद्यांच्या बायका, विधवा, उद्ध्वस्त घरांतल्या मुली यांना खैरात द्यायची नाही, काम द्यायचे, हा बाईंचा शिरस्ता होता: शिवण, विणकाम, भरतकाम, केशभूषा, टंकलेखन, खाद्यपदार्थ. रामल्ला, बेथलेहेम, हेब्रॉन अशा एकेका परिसराच्या खेडुती पोशाखावर भरतकामाची जी स्वतंत्र रीत असते ती या बायकांनी नुसती विकली नाही. ती नोंदली, तिचे संग्रहालय केले, लोकपरंपरेवर नियतकालिक काढले. लष्करी अधिकाऱ्यांनी बाईंना अनेकदा स्थानबद्ध केले. १९९६ च्या जानेवारीत पॅलेस्टिनी अध्यक्षपदाची पहिली निवडणूक झाली तेव्हा यासर अराफत यांच्याविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य दाखवणारी ही एकच व्यक्ती होती. पराभव ठरलेला होता. पण एका स्त्री-उद्योगगृहाच्या चालकीणबाईंना राष्ट्राच्या नेतृत्वावर हक्क सांगावासा वाटला आणि लोकांना तो विपरीत वाटला नाही, यातच त्या समाजात सेवासंस्थेचे स्थान काय होते हे कळते.

लेबनॉनमधील छावण्यांची कथा अधिक काळोखी आहे. तेथे निर्वासितांना अनेक व्यवसाय वर्ज्य होते, मालमत्ता घेणे पुढे वर्ज्य झाले, आणि यादवी युद्धाने उरलेसुरले हिरावले. १९६८ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या पॅलेस्टिनी रेड क्रेसेंटने, यासर अराफत यांचे बंधू डॉ. फतही अराफत यांच्या नेतृत्वाखाली, बैरूतमध्ये अक्का आणि गाझा या नावांची रुग्णालये उभी केली. गमावलेल्या शहरांची नावे रुग्णालयांना द्यावी लागावीत, यावर मी वेगळे काय लिहू? १९७६ मध्ये तेल अल-झातर छावणीचा पाडाव झाल्यावर आईबाप गमावलेल्या मुलांसाठी बैत अतफाल अस्सुमूद ही संस्था निघाली. १९८२ च्या सप्टेंबरात साब्रा आणि शातिला येथील हत्याकांड झाले तेव्हा साब्राच्या काठावरील त्या गाझा रुग्णालयात स्वी चाय अंग नावाच्या, मूळच्या पेनांगच्या, शल्यविशारद काम करीत होत्या. इस्रायलविषयी श्रद्धाभाव बाळगणाऱ्या ख्रिस्ती वातावरणात त्या वाढलेल्या; बैरूतला त्या आल्या त्या केवळ डॉक्टर म्हणून. जे पाहिले त्याची साक्ष त्यांनी इस्रायलच्याच चौकशी आयोगापुढे दिली, आणि १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘मेडिकल एड फॉर पॅलेस्टिनियन्स’ या संस्थेच्या त्या एक संस्थापक झाल्या. रेड क्रेसेंटला आंतरराष्ट्रीय चळवळीत पूर्ण सदस्यत्व मिळण्यास मात्र २००६ साल उजाडावे लागले; ते इस्रायलच्या मागेन डेव्हिड आडोम या संस्थेबरोबर एकाच वेळी मिळाले.

व्यापलेल्या प्रदेशात १९७० नंतर एक निराळेच वारे वाहू लागले. बिरझैतच्या महाविद्यालयातले विद्यार्थी ऑक्टोबरात शेतकऱ्यांबरोबर ऑलिव्ह तोडायला जाऊ लागले. डॉक्टरांच्या तुकड्या सुटीच्या दिवशी खेड्यांत फिरते दवाखाने नेऊ लागल्या आणि १९७९ मध्ये त्यातून वैद्यकीय मदत समित्यांची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी रामल्लात काही वकिलांनी अल-हक ही संस्था काढून लष्करी हुकुमांचा कायद्याच्या कसोटीवर अभ्यास सुरू केला. या कामाला परकीय पैसा जवळजवळ नव्हता. १९८७ च्या अखेरीस उठाव पेटला आणि पुढील वर्षी शाळा बंद केल्या गेल्या, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्यांनी घरांतून वर्ग भरवले. ऑगस्ट १९८८ मध्ये त्या समित्याच बेकायदा ठरवण्यात आल्या. कायद्याचा गुंता तर विलक्षण होता: पश्चिम किनाऱ्यावर जॉर्डनचा १९६६ चा संस्थाविषयक कायदा, गाझात उस्मानी काळातील १९०९ चा, आणि दोहोंवर लष्करी परवान्याची टांगती तलवार, पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा स्वतःचा कायदा झाला तो २००० साली.

इस्रायल व पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील ओस्लो करारानंतर पैसा आला आणि त्याबरोबर वेगळी अडचण आली. ज्यांनी आयुष्यभर सुटीच्या दिवशी गावोगाव हिंडून काम केले ते आता रामल्लाच्या कार्यालयांत बसून दात्यांना समजेल अशा इंग्रजीत प्रस्ताव लिहू लागले. तीन वर्षांच्या प्रकल्पाची मुदत संपली की गावातले काम संपू लागले. यात दोष माणसांचा कमी, पैशाच्या घाटाचा जास्त. अमेरिकी मदतीस तर दहशतवादाशी संबंध नसल्याच्या लेखी हमीची अट जोडली गेली, आणि कित्येक संस्थांनी त्यावर सही करण्यापेक्षा निधी नाकारला. याही काळात चांगले काम झालेच: सुआद अमिरी यांच्या रिवाक संस्थेने हजारो ऐतिहासिक वास्तूंची सूची केली, आणि बिरझैतच्या जुन्या गावठाणाच्या पुनरुद्धारास २०१३ मध्ये आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला, गाझात डॉ. इयाद अल-सर्राज यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याचे काम सुरू केले, जेव्हा बाँबच्या भीतीने अंथरूण ओले करणाऱ्या मुलालाही रोगी म्हणावे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

संशयाचा विषय टाळून ही प्रस्तावना पुरी करणे अप्रामाणिकपणाचे होईल. हमास या सशस्त्र संघटनेने आपला जम बसवला तो अंशतः दवाखाने, शाळा व जकात यांच्या जोरावर, हे खरे आहे. अमेरिकेत होली लँड फाउंडेशन ही त्या देशातील मोठी मुस्लिम धर्मादाय संस्था डिसेंबर २००१ मध्ये बंद करण्यात आली आणि २००८ मध्ये तिच्या चालकांना दोषी ठरवले गेले व पुढे काहींना प्रदीर्घ शिक्षा झाल्या. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्या हल्ल्यात उनर्वाच्या नऊ नोकरांचा सहभाग असण्याची शक्यता संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशीने पुढे मान्य केली आणि त्यांना काढून टाकण्यात आले. निरपराधांच्या हत्येत सामील होणाऱ्याला सेवेच्या वस्त्राआड आश्रय नाही. परंतु तीस हजारांच्या संस्थेला नऊ जणांच्या गुन्ह्यासाठी उपाशी ठेवणे हा न्याय नव्हे. आणि पुरावा न दाखवता केलेला आरोप हाही एक प्रकारचा हल्लाच असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये इस्रायलने अल-हकसह सहा पॅलेस्टिनी संस्थांना दहशतवादी ठरवले. कैद्यांसाठी, मुलांसाठी, स्त्रियांसाठी, शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या या संस्था होत्या. पुढील जुलैत नऊ युरोपीय राष्ट्रांनी आपल्याला समाधानकारक पुरावा मिळाला नसल्याचे जाहीर केले. ऑगस्टात लष्कराने त्यांच्या कचेऱ्यांवर छापे घालून दारे बंद केली.

गाझाच्या युद्धात जे घडले ते वाचकांच्या स्मरणात ताजे आहे, म्हणून संस्थांपुरतेच लिहितो. उनर्वाचे तीनशेहून अधिक नोकर मारले गेले. १ एप्रिल २०२४ रोजी वर्ल्ड सेंट्रल किचनचे सात कार्यकर्ते अन्नधान्य पोचवून परतताना हवाई हल्ल्यात गेले. मे महिन्यात रफाहमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागाचे एक अधिकारी मोटारीवरील हल्ल्यात ठार झाले. ते भारतीय सैन्यातील निवृत्त कर्नल होते, मराठी होते, आणि त्यांच्यावर अंत्यसंस्कार पुण्यात झाले. २३ मार्च २०२५ रोजी रफाहमध्येच पंधरा मदतकर्मी, ज्यांत आठ रेड क्रेसेंटचे होते, गोळीबारात मारले गेले आणि वाळूत पुरलेले आढळले. दिवे न लावता त्यांच्या गाड्या संशयास्पदरीत्या येत होत्या हा इस्रायली लष्कराचा पहिला खुलासा एका मृताच्या दूरध्वनीतील चित्रणाने खोटा ठरला. त्याच वर्षी मे महिन्यात, जेथे पूर्वी संयुक्त राष्ट्रांची व इतर संस्थांची सुमारे चारशे वाटपकेंद्रे होती तेथे सशस्त्र पहाऱ्यातली चार केंद्रे उघडण्यात आली, आणि जुलै संपण्यापूर्वी अन्न मिळवण्याच्या प्रयत्नात हजाराहून अधिक माणसे मारली गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नोंदवले. २२ ऑगस्टला गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे अधिकृतपणे घोषित झाले. चारशे आणि चार या दोन आकड्यांत मला मदत आणि संस्था यांतला सारा भेद दिसतो: धान्य दोन्हीकडे असेल, पण चारशे केंद्रांत यादी होती, ओळख होती, म्हातारीचा वाटा शेजाऱ्याच्या हाती देता येत होता, चार केंद्रांत ज्याच्या अंगात बळ तो पुढे. या काळात जी मोहल्ल्यातली सार्वजनिक स्वयंपाकघरे मोठ्या कढयांत मसूर शिजवत राहिली, त्यांना गाझातले लोक तकिया म्हणत होते, त्याच नावाने ज्या नावाने जेरुसलेमचे जुने छत्र ओळखले जाते.

मराठी वाचकाचा या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. जेरुसलेमच्या जुन्या शहरात सूफी संत बाबा फरीद यांच्या नावाशी निगडित असलेली भारतीय धर्मशाळा आहे. १९२४ मध्ये सहारनपूरचे नझीर हसन अन्सारी तिची व्यवस्था पाहण्यास गेले आणि त्यांचे कुटुंब आजतागायत ती सांभाळते, आणि तिच्या आवारात उनर्वाचा दवाखाना अनेक वर्षे चालला. त्याच सुमारास अल-अक्सा मशिदीच्या जीर्णोद्धारासाठी पॅलेस्टाइनहून आलेल्या शिष्टमंडळाला हैदराबादच्या निजामाने द्रव्य दिले, आणि त्या तिजोरीत मराठवाड्याच्या रयतेचा साराही जमा होत होता. भारत सरकार २०१८ पासून उनर्वाला दरसाल पन्नास लाख डॉलर देत आले आहे. परंतु याहून जवळचा एक धागा आहे आणि तो अवघड आहे. कोकणातून इस्रायलला गेलेले आपले बेने इस्रायली बांधव, जे आजही मराठी बोलतात, त्यांतील पुष्कळजण रामले आणि लोद येथे वसले. जुलै १९४८ मध्ये याच दोन शहरांतून पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनी लोकांना बाहेर काढण्यात आले होते. त्या मराठी कुटुंबांनी कोणाला हाकलले नाही. ती स्वतः नव्या भूमीत उपेक्षा सोसत होती, आणि सरकारने जेथे घर दिले तेथे राहिली. तरी ज्या गावातून ओवी ऐकू येते आणि मलिद्याचा वास येतो त्याच गावाचे नाव पूर्वेकडील एखाद्या छावणीत कोणाच्या शिधापत्रिकेवर लिहिलेले आहे, हे मराठी माणसाने जाणून घेतले पाहिजे, आणि दोघांविषयीही ममत्व ठेवून जाणून घेतले पाहिजे.

ज्यांना हे पुस्तक वाचून काही द्यावेसे वाटेल त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगणे भाग आहे. दात्याला पिठाचे पोते दिसते, तंबू दिसतो, शस्त्रक्रियेनंतर हसणारे मूल दिसते. त्या मुलाला प्रवासाचा परवाना मिळावा म्हणून महिनोन् महिने अर्ज करणारा कारकून, भरतकामाच्या नमुन्यांचे वर्गीकरण करणारी बाई, हेब्रॉनच्या बीजपेढीत स्थानिक वाणांच्या बियांची नोंद ठेवणारा कृषिपदवीधर, निधी बंद पडल्यावर अर्ध्या पगारावर वर्ग घेणारी शिक्षिका, हे त्याला दिसत नाहीत, आणि म्हणून आणीबाणीत पोत्यांचा पूर येतो व ती ओसरली की संस्था कर्जात राहतात. पुढील प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस म्हणून त्या त्या संस्थेचा वेतन, औषधे, इमारत आणि दफ्तर यांवरील खर्च कसा भागतो, हे तिच्या छापील अहवालांच्या आधारे स्वतंत्रपणे दिलेले आहे.